बाळंतपणाच्या तयारीचा एक वर्ग: शुल्क, शिकवण आणि जिना

पुण्याच्या पश्चिम भागातील ज्या प्रसूतिपूर्व तयारी वर्गाविषयी मी लिहीत आहे, त्याचे नाव येथे देत नाही. त्यातील काही गोष्टींविषयी माझी स्पष्ट तक्रार आहे, आणि अशाच धर्तीचे वर्ग आता शहरात इतके निघाले आहेत की हे परीक्षण त्यांपैकी बऱ्याच जणांना थोड्याफार फरकाने लागू पडावे. वर्ग एक फिजिओथेरपिस्ट चालवतात. त्यांना सगळे ताई म्हणतात. त्यांच्या जोडीला प्रसूतिगृहात उभे आयुष्य काढून निवृत्त झालेल्या एक सिस्टर आहेत. शनिवारी दुपारी सत्र असते, नवऱ्याने सोबत यावे असा आग्रह असतो आणि दोघांचे मिळून साडेसहा हजार रुपये शुल्क आकारले जाते. गर्भसंस्काराचे पॅकेज वेगळे असून त्याचे आणखी चार हजार. मी दोन्हींचे पैसे भरले. पहिले पैसे पुरेपूर वसूल झाले. दुसऱ्यांविषयी सविस्तर लिहावे लागेल.

पहिल्या सत्रात ओळखपाळख उरकल्यावर ताईंनी प्रत्येकाच्या हाती एक कोरी चिठ्ठी दिली आणि मनातली सर्वांत मोठी काळजी नाव न घालता लिहायला सांगितली. चिठ्ठ्या टोपलीत गोळा झाल्या आणि त्या एकेक मोठ्याने वाचू लागल्या. ‘बाळ हलायचे थांबले तर मला कळेल का?’ ‘कळा सोसल्या नाहीत आणि मीच सिझेरियन मागितले, तर घरचे काय म्हणतील?’ ‘रजेवरून परत आल्यावर माझी जागा राहील का?’ ‘मला मुलगी हवी आहे, पण सासरी बोलायची सोय नाही.’ एका चिठ्ठीवर फक्त ‘तिला काही झाले तर?’ एवढेच होते, आणि ती वाचली गेली तेव्हा खोलीतल्या बहुतेक पुरुषांनी खाली पाहिले. वाचन संपल्यावर ताईंनी टेबलावर चिठ्ठ्यांचे दोन ढीग केले. ज्या काळजीवर माहितीचा किंवा तयारीचा इलाज आहे त्या एकीकडे, आणि ज्यांचे उत्तर कोणापाशीच नाही त्या दुसरीकडे. ‘पहिल्या ढिगाचे काम आपण इथे करू. दुसरा ढीग बाळ हातात येईपर्यंत राहणारच आहे. तो आहे म्हणून तुमचे काही चुकतेय, असे कोणी समजू नका,’ असे त्या म्हणाल्या. माझ्या मते या वर्गाची सगळी किंमत या दोन ढिगांत आहे, आणि पुढे जिथे जिथे वर्ग घसरला, तिथे तो हे ढीग विसरल्यामुळेच घसरला.

मुलीच्या चिठ्ठीवर ताई एकच वाक्य बोलल्या: गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, मुलगी व्हावी असे वाटणे हा नाही. नवऱ्याच्या चिठ्ठीचे मात्र त्यांनी दोन तुकडे केले, अगदी शब्दशः, कात्रीने. एक तुकडा दुसऱ्या ढिगात टाकला आणि उरलेला हातात धरून त्या बोलत राहिल्या. २०१८-२०च्या आकडेवारीनुसार भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू होतो, महाराष्ट्रात ३३. आणि यांतले कितीतरी मृत्यू रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग यांसारख्या, वेळेत ओळखता येणाऱ्या कारणांनी होतात. मग फळ्यावर खुणा लिहिल्या गेल्या: न थांबणारी डोकेदुखी आणि त्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर अचानक आलेली सूज, अंगावरून रक्त जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे. यांतली कोणतीही खूण दिसली तर सकाळ होण्याची, सासूबाईंना विचारण्याची किंवा गुगलण्याची वाट पाहायची नाही, असे त्यांनी पुरुषांकडे पाहून सांगितले. हालचालीविषयी तर त्या विशेष आग्रही होत्या. दिवस भरत आले की बाळ हलणे कमी करते, ही समजूत आमच्या घरातही होती. ती साफ चुकीची आहे, हालचालीची पद्धत बदलते पण ती मंदावत नाही, हे मला पस्तिशी गाठल्यावर पहिल्यांदा कळले. सातव्या महिन्यापासून रोज ठरावीक वेळी कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली जाणवतात का ते पाहायचे, आणि नेहमीपेक्षा वेगळे वाटले तर आकडा पूर्ण होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. पहिल्या चिठ्ठीचे उत्तर इतके सोपे आणि इतके उपयोगी होते.

प्रात्यक्षिकांपैकी फुग्याचे प्रात्यक्षिक मी कोणालाही डोळे झाकून सुचवीन. ताईंनी टेबल टेनिसचा चेंडू एका फुग्यात घातला, फुगा फुगवला आणि उलटा धरला, तसा चेंडू मानेत येऊन बसला आणि हवा आत अडकली. मग त्यांनी फुग्याच्या दोन्ही बाजू हलकेच दाबल्या. काहीच झाले नाही. या खोट्या कळा. त्या शेवटच्या महिन्यांत येतात-जातात आणि पाणी पिऊन कूस बदलली की बहुधा विरतात. त्यानंतर त्या फुग्याच्या माथ्यावरून खाली असा दाब देऊ लागल्या, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. बराच वेळ वरवर पाहता काहीच घडत नव्हते. मग लक्षात आले की फुग्याची लांब मान आखूड होत चालली आहे. ती पूर्ण आखडून पातळ झाल्यावरच तोंड उघडू लागले, चेंडूचा पांढरा भाग दिसला, आत गेला, पुन्हा दिसला आणि शेवटी टपकन टेबलावर पडला. पहिलटकरणीला इतका वेळ का लागतो, गर्भाशयाचे मुख ‘दोनच बोटे उघडले आहे’ असे ऐकून निराश का व्हायचे नाही, आणि तोवर शरीराने किती काम उरकलेले असते, हे मी अनेक चित्रफिती पाहूनही समजले नव्हते. दहा सेंटिमीटर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो; त्याआधीची मान आखडण्याची पायरी कोणी सांगत नाही, आणि पहिल्या बाळंतपणात निम्मा धीर तिथेच खर्च होतो. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की पहिलटकरणीने निघावे, हा नियम या प्रात्यक्षिकानंतर सांगितला गेला, आणि पाणी गेले तर मात्र कळा असोत वा नसोत, लगेच निघावे, ही पुस्ती त्याला लगोलग जोडली गेली.

बर्फाचा सराव त्यापुढच्या शनिवारी झाला. मुठीत बर्फाचा खडा घेऊन मिनिटभर धरायचा: आधी नुसताच, मग संथ श्वास सोडत, मग नवऱ्याने पाठीवर हात ठेवून सेकंद मोजत असताना. खडा तोच आणि मिनिटही तेच, पण तिसऱ्या खेपेला ते लवकर सरते. हा खेळ जुनाच आहे. फर्नां लामाझ या फ्रेंच डॉक्टरांनी १९५१मध्ये सोव्हिएत रशियात पाहिलेली श्वासाची पद्धत युरोपात आणली आणि तिथून ती जगभर पसरली. आज मात्र ठरावीक ठेक्याचा हट्ट कोणी धरत नाही, आपला श्वास आपणच संथ ठेवावा एवढेच सांगतात. बर्फाची आणि कळांची बरोबरी होत नाही, हे सिस्टरांनी हसत हसत आधीच सांगून टाकले, हे बरे केले. या सरावाचा खरा लाभ नवऱ्यांना होतो असे माझे निरीक्षण आहे. माझा नवरा तोवर ‘मी काय करणार तिथे?’ असे म्हणत होता; नेमके काय करायचे ते कळल्यावर तो पुष्कळ शांत झाला.

रुग्णालयाला विचारायच्या प्रश्नांचा छापील कागद हा या वर्गातला आणखी एक नगद लाभ. रात्री भूलतज्ज्ञ हजर असतात की बोलवावे लागतात, रक्तपेढी किती दूर आहे, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, प्रसूतिकक्षात सोबत कोणाला येऊ देतात, नाळ लगेच कापतात की किमान मिनिटभर थांबतात, बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवतात की दुसऱ्या खोलीत नेतात, असे हे प्रश्न आहेत. आपल्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे, हे माहीत असले की विचारताना जीभ अडखळत नाही. सिझेरियनविषयी ताईंनी घाबरवले नाही आणि गोंजारलेही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात सरकारी संस्थांमधील १४.३ टक्के आणि खाजगी संस्थांमधील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून त्यांनी खडू खाली ठेवला आणि ‘का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि गरज पडली तर विनासंकोच करून घ्या’ असे सांगितले. सिझेरियनने बाळंत झालेली आई कमी आई ठरत नाही, हे वाक्य त्यांना स्वतंत्रपणे म्हणावे लागले, यावरून आपल्या घरांतल्या बोलण्याची कल्पना यावी.

आता गर्भसंस्कार. हे सत्र बाहेरून येणाऱ्या एक बाई घेतात. त्यांचा आवाज गोड आहे, त्या श्लोक सुरेख म्हणतात आणि त्या अर्ध्या तासात खरोखर डोळे मिटून शांत बसता येते. तेवढ्याचे पैसे मागितले असते तर मी तक्रार केली नसती. गर्भाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात, आणि जन्मलेले बाळ परक्या बाईच्या आवाजाहून आपल्या आईचा आवाज पसंत करते, हे १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगातही दिसले आहे. त्यामुळे पोटातल्या बाळाशी बोलावे, गावे, याबद्दल वादच नाही. आजी-पणजी हे कोणी न शिकवता करीत आल्या. पण या आधारावर बाईंनी जी इमारत उभारली ती मला पटली नाही. अमुक राग ऐकल्याने बुद्धी तीव्र होते, केशर घातलेल्या दुधाने वर्ण उजळतो, अमुक महिन्यात अमुक चरित्र वाचल्याने तो गुण उतरतो, असे एकेक दावे कसलाही पुरावा न देता, पण मोठ्या आत्मविश्वासाने केले गेले. वर्णाच्या उल्लेखावर दोन-तीन सावळ्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले, तेही मी पाहिले.

खरी अडचण त्या सत्रात मिळणाऱ्या वहीची आहे. जाड पुठ्ठ्याची, मोरपिसाचे चित्र असलेली ही दैनंदिनी दिसायला सुंदर आहे. रोज एक पान. त्यात ‘आज मन प्रसन्न होते का?’ असा रकाना आहे, त्यापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. त्याखाली ‘राग, भीती किंवा रडू आले असल्यास कारण लिहावे’ अशी सूचना आहे. आईच्या मनातली प्रत्येक भीती बाळापर्यंत पोहोचते, असे बाईंनी तीनतीनदा बजावले. म्हणजे जी काळजी ताईंनी दुसऱ्या ढिगात ठेवून आम्हाला मोकळे केले होते, तिचाच आता हिशेब ठेवायचा, आणि तोही आईनेच. नवऱ्यासाठी अशी वही नाही. अभिमन्यूची गोष्ट अर्थातच सांगितली गेली. लोकांत चालत आलेल्या कथेत सुभद्रेला डुलकी लागते आणि बाळ चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची विद्या ऐकत नाही. दिवस गेलेल्या बाईला झोप येणार नाही तर काय होणार? सहा महारथींनी मिळून एका मुलाला मारले, त्याचा ठपका मात्र पेंगुळलेल्या आईवर, हे या गोष्टीचे तात्पर्य असेल तर ती गरोदर बायकांना न सांगितलेलीच बरी.

हे मला विशेष टोचले याला कारण आहे. माझे आधीचे गरोदरपण तिसऱ्या महिन्यातच संपले होते. त्यामुळे या वेळी प्रत्येक सोनोग्राफीच्या आधी माझ्या हातापायांना घाम सुटतो आणि ‘आज मन प्रसन्न होते का?’ या रकान्यात लिहिण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नसते. ज्यांना दिवस गेल्याचे कळते अशांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के स्त्रियांचा गर्भ पुढे टिकत नाही, त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात आणि जवळजवळ निम्म्या वेळी गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष हे कारण असते. आईने जिना चढला, पपई खाल्ली, भांडण केले किंवा रडली, म्हणून ते घडत नाही. ही माहिती मला माझ्या डॉक्टरांनी दिली होती म्हणून मी त्या सत्रातून सावरलेली बाहेर पडले. खोलीत माझ्यासारख्या आणखी कोणी असतील आणि त्यांना हे कोणी सांगितले नसेल, तर त्या घरी काय घेऊन गेल्या असतील, याचा विचार वर्गाने करायला हवा. मूल गमावण्याचा उल्लेख संपूर्ण वर्गात कुठेच नव्हता. सत्रानंतर मी ताईंना गाठून हे बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि बहुतेक जोडपी गर्भसंस्कार आहे का हे पाहूनच नाव नोंदवतात, त्याशिवाय वर्गाचे भाडे निघत नाही, असे प्रांजळपणे सांगितले. मला त्यांचे म्हणणे समजले. वहीतला तो रकाना काढायला मात्र भाड्याची अडचण नसावी.

आजी होऊ घातलेल्यांसाठी ठेवलेले सत्र सिस्टरांचे होते आणि ते पाहण्यासारखे होते. माझ्या सासूबाई ‘आम्हाला काय शिकवणार?’ अशा चेहऱ्याने आल्या होत्या. पहिल्या तासाभरात बाळाला छातीशी घ्यायचे आणि चीक पाजायचा, हा विषय निघताच त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे पहिलं दूध काढून टाकायचे. जड पडतं ते बाळाला.’ सिस्टर लगेच म्हणाल्या, ‘टाकायचेच वहिनी, मीही टाकलंय. पण बघा हं, गाय व्यायली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण शेजारीपाजारी वाटतो, आणि आपल्या नातवाच्या वाटणीचा चीक मोरीत ओततो!’ खोलीत हशा पिकला. सासूबाईही हसल्या, आणि परतताना रिक्षात त्यांनी हा दाखला मलाच पुन्हा ऐकवला. काळजात धडकी भरवणारी भाषणे जे करू शकली नसती ते या एका वाक्याने केले. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही नाही, मध आणि गुटी तर नाहीच, डोळ्यांत काजळ नाही, बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शेक-धुरी देणे आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते, हे सगळे सिस्टरांनी एकाही आजीचा पाणउतारा न करता सांगितले. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांना त्यांनी हात लावला नाही; ज्यांना गरोदरपणात साखर वाढल्याचे निदान झाले आहे त्यांनी गुळाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे, इतकेच. आपल्या चालीरीतींतले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, याचा निवाडा इतक्या समजुतीने झालेला मी क्वचितच पाहिला आहे.

उणिवा आणखीही आहेत. बाळंतपणानंतर मन खचते, काही जणींचे आठवड्यांमागून आठवडे सावरत नाही आणि त्यावर उपचार आहेत, हा विषय शेवटच्या सत्राच्या शेवटी, पिशव्या आवरता आवरता उरकला गेला. रजेविषयीची चिठ्ठी तशीच राहिली. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते, हे मीच उठून सांगितले. पण कंत्राटावर काम करणाऱ्या एकीने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा कोणापाशीच उत्तर नव्हते. एखाद्या सत्राला कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलांना बोलावणे अवघड नाही. जागेविषयी तर काय बोलावे. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि एवढ्या जणींत स्वच्छतागृह एक. मध्यंतरात लागणारी रांग पाहून सिस्टरच म्हणाल्या की कळांपेक्षा हा सराव कठीण आहे.

शुल्काचा विचार करताना एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या मावशींच्या सुनेलाही सहावा महिना आहे. तिची नोंद महापालिकेच्या दवाखान्यात झाली आहे, लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या तिला मोफत मिळतात आणि दर महिन्याच्या ९ तारखेला, २०१६पासून चालू असलेल्या सरकारी मोहिमेत, तज्ज्ञ डॉक्टरांकडून तिची तपासणी होऊ शकते. तिच्याजवळच्या माता व बाल संरक्षण कार्डावर धोक्याच्या खुणा चित्रांसह छापलेल्या आहेत. ताईंनी फळ्यावर लिहिलेल्या बहुतेक सगळ्या त्यांत सापडतात. म्हणजे माहिती तिच्यापर्यंत पोहोचते. तिला मिळत नाही तो वेळ: फुगा पाहण्याचा, प्रश्न विचारण्याचा, चिठ्ठी लिहिण्याचा. महिन्यातून एक शनिवार हा वर्ग पालिकेच्या प्रसूतिगृहात घ्यावा, असे मी ताईंना सुचवले आहे. जागा मिळाली तर सिस्टर आणि त्या तयार आहेत.

ज्यांना नाव नोंदवायचे आहे त्यांनी मूळ वर्गच घ्यावा आणि नोंदणीच्या अर्जावर गर्भसंस्काराच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते ती खोडावी. श्लोक आणि गाणी घरी फुकट आहेत. सहावा महिना संपण्याच्या सुमारास सुरुवात करावी, म्हणजे हालचाल मोजण्याचे सत्र वेळेवर मिळते आणि जिनाही झेपतो. ऑनलाइन पर्याय हजार रुपयांनी स्वस्त आहे, पण बर्फ आणि फुगा पडद्यावर पाहून उपयोग नाही. परगावी असलेल्या नवऱ्याने फार तर प्रश्नांच्या कागदाच्या सत्रापुरते तिकडून जोडले जावे. सासूबाईंना किंवा आईला सिस्टरांच्या सत्राला आणायचे असेल तर ताईंना आदल्या आठवड्यात कळवावे लागते, कारण त्या दिवशी खुर्च्या कमी पडतात.